टगबोटीचा स्विच

प्रिय सुधीर,

सप्रेम नमस्कार.

तुझ्या रिमोटवरच्या मॉडेल टगबोटीच्या डेकसाठी तू निवडलेलं ते निळ्या उजेडाच्या कड्याचं 16 मिलिमीटरचं स्टीलचं बटण दिसायला झकास आहे, पण बसवू नकोस. अंगावर आयपी67 हा पाणी-धूळ रोखण्याचा दर्जा छापलंय म्हणून तू निर्धास्त आहेस. आयपी67 म्हणजे 1 मीटर पाण्यात 30 मिनिटं टिकणार. मात्र अशा बटणांत हा आकडा बहुतेक वेळा फक्त तोंडाकडच्या बाजूचा असतो. मागचे टॅग, म्हणजे वायर जोडायच्या पट्ट्या, उघडेच असतात आणि बोटीच्या आतली दमट हवा तिथून खुशाल आत शिरते. वरून कीर्तन, आतून तमाशा. शिवाय यातली निम्मी बटणं दाबून धरलं तरच चालू राहणारी असतात. दाबल्यावर अडकून राहणारं आहे का, हे दुकानातच मीटर लावून बघायचं.

पण खरी गोची करंटची आहे. त्या बटणावर लिहिलेलं 3 अँपिअर हे 250 व्होल्ट एसीचं आहे. एसीचा प्रवाह सेकंदाला 100 वेळा शून्यावर येतो, त्यामुळे संपर्क सुटताना पडलेली ठिणगी आपोआप विझते. बॅटरीच्या डीसीला ती सोय नाही. म्हणून डेटाशीटमध्ये 28 किंवा 30 व्होल्ट डीसीचा वेगळा आकडा शोध आणि तोच खरा मान. तो दिलेलाच नसेल तर एसीच्या आकड्याचा निम्मा धरावा, असं माझं मत. तुझी 540 आकाराची मोटर एरवी 4-5 अँपिअर घेईल, पण पंख्यात जलपर्णीचं मूळ अडकलं की करंट 20 च्या वर उडी मारतो. त्यात ईएससीतले, म्हणजे मोटरचा वेग सांभाळणाऱ्या कंट्रोलरमधले, कपॅसिटर स्विच लावताक्षणी रिकाम्या पोटी करंट ओढतात. ठिणगी पडते, संपर्क कार्बन धरतात, आणि एखाद्या दिवशी वितळून एकमेकांना चिकटतात. मग बटण वर येतं, पण बोट चालूच.

टगसाठी साधा, दणकट टॉगल, म्हणजे दांडीचा स्विच, घे. गाड्यांना लावतात तसला, 12 मिलिमीटरच्या भोकात बसणारा, 12 व्होल्ट डीसीला 15 ते 20 अँपिअरचा. त्याच्या आट्यांवर फिरवायची रबरी टोपी वेगळी मिळते. ती नटाच्या जागीच बसते आणि दांडी पूर्ण झाकते. पुण्यात पासोड्या विठोबाजवळ किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला दोन्ही मिळायला हरकत नाही. टोपी नेताना टॉगल सोबत ने. छोट्या टॉगलचे आटे 6 मिलिमीटरचे असतात आणि त्यांची टोपी मोठ्यावर चढत नाही.

डेक 1.5 मिलिमीटर प्लायचा आहे, म्हणून खालून 3 मिलिमीटर प्लायचा तुकडा चिकटव आणि मगच भोक पाड. भोकाच्या कडेला पातळ इपॉक्सीचे दोन हात दे. कच्ची कड पाणी पिऊन फुगते, मग नट सैल होतो आणि टॉगल जागेवर फिरायला लागतो. टोपीखाली व्हॅसलिन चोपडायचा मोह होईल, तो आवर. पेट्रोलियममुळे बरीच रबरं फुगून पिलपिलीत होतात. सिलिकॉन ग्रीस वापर. सिलिकॉन सीलंट लावायचंच असेल तर व्हिनेगरसारखा वास येणारं नको. त्यातल्या ॲसिडने तांबं खाल्लं जातं. न्यूट्रल लिहिलेलं आण.

जागा धुरांड्याच्या आत, पाण्याच्या रेषेपासून जितकी उंच मिळेल तितकी. वरून धुरांडं उचललं की टॉगल हाताशी येतो आणि शिंतोडे तिथवर पोचत नाहीत. वायर खाली उतरताना तिला एक झोल दे, म्हणजे थेंब झोलाच्या टोकाला गळेल, टॅगपर्यंत जाणार नाही. बारीक तारांची वायर समईच्या वातीसारखी पाणी ओढते, तेही इन्सुलेशनच्या आतून. त्यामुळे पाणी एका टोकाला शिरतं आणि हिरवा कीट भलत्याच टोकाला दिसतो. टॅगवर आतून गोंद असलेली हीटश्रिंक (तापवल्यावर आवळणारी नळी) लाव. साध्या हीटश्रिंकने नुसतं झाकलं जातं.

फ्यूजला फाटा देऊ नकोस. 12 व्होल्ट 7 अँपिअर-तासांची लेड ॲसिड बॅटरी शॉर्टमध्ये 100 अँपिअर सहज देते, आणि मग टॉगल कितीही चांगला असला तरी वायरच जळते. 10 अँपिअरचा ब्लेड फ्यूज, बॅटरीच्या प्लसपासून 10 सेंटिमीटरच्या आत. आणि बॅटरी चार्ज करताना डेक उघडा ठेव. जास्त चार्ज झाली की हायड्रोजन सुटतो. बंद पोटात तो साठलेला असताना टॉगल मारणं म्हणजे काडी ओढणंच.

भोकच नको असेल तर लोहचुंबकाचा मार्ग आहे, आणि मला तो जास्त पसंत आहे. रीड स्विच, म्हणजे चुंबक जवळ आला की जुळणारा स्विच, एक अँपिअरसुद्धा धड पेलत नाही, म्हणून मोटरचा भार मॉस्फेटवर, म्हणजे इलेक्ट्रॉनिक स्विचवर, टाकायचा. त्याला तीन पाय असतात: सोर्स आणि ड्रेनमधून करंट जातो, गेट तो चालू-बंद करतो. आयआरएफ4905 या मॉस्फेटचे दोन नग समांतर जोड. दोघांचे सोर्स बॅटरीच्या प्लसकडे, ड्रेन ईएससीकडे. दोन्ही गेट एकत्र करून 100 किलोओहमच्या रेझिस्टरने मायनसला बांध, आणि रीड स्विच गेट व सोर्सच्या मधे. डेकवर चुंबक ठेवला की गेट आणि सोर्स जोडले जातात आणि बोट बंद. चुंबक उचलला की चालू.

हे उलटं वाटेल, पण मुद्दाम तसं आहे. स्विच निवडताना आधी विचारायचं ते हे, की तो बिघडला तर बोट कशी राहील? रीडची वायर तळ्याच्या मध्यावर तुटली तर बोट चालूच राहते आणि परत आणता येते. उलट जोडणीत ती तिथेच निपचित पडेल. बंद असतानाही 0.13 मिलिअँपिअरच्या आसपास गळती राहते, महिन्याला साधारण 90 मिलिअँपिअर-तास. 7 अँपिअर-तासांपुढे ते काहीच नाही. मात्र गाडीत चुंबक घरंगळला तर बोट आपोआप चालू होईल, म्हणून प्रवासात बॅटरीचा कनेक्टर काढलेलाच बरा.

दोन नग सांगितले ते उष्णतेसाठी. एकट्या मॉस्फेटचा अवरोध सुमारे 20 मिलिओहम, म्हणजे 8 अँपिअरला 1.3 वॅट, आणि हीटसिंकशिवाय त्याला हात लावता येणार नाही. दोघांत वाटल्यावर प्रत्येकी 0.3 वॅट, नुसते कोमट. पाठीचा पत्रा ड्रेनला जोडलेला असतो, तेव्हा त्याला कशाला टेकू देऊ नकोस. हाच जुगाड 6 व्होल्टच्या बोटीत मात्र करू नकोस. तेवढ्या व्होल्टेजवर हा मॉस्फेट पूर्ण उघडेलच असं नाही, आणि तापून मरू शकतो.

तुझ्या त्या वेगवान 3एस (तीन सेलच्या लायपो, म्हणजे लिथियम पॉलिमर, बॅटरीच्या) ब्रशलेस मोटरच्या बोटीला यातलं काहीच चालणार नाही. तिथे 80-100 अँपिअरची गोष्ट आहे. ईएससीसोबत येणारा चिमुकला स्विच बहुधा फक्त रिसिव्हरकडची वीज तोडतो. बॅटरी मागून झिरपत राहते आणि लायपोचा सेल 3 व्होल्टच्या खाली गेला की संपलाच म्हण. तिला लूप कर, म्हणजे काढता-घालता येणारा वायरचा तुकडाच स्विच. प्लसची वायर मधे तोडून एक्सटी90-एस या ठिणगी रोखणाऱ्या कनेक्टरची एक बाजू डेकमध्ये इपॉक्सीने बसव, दुसऱ्या बाजूच्या दोन्ही पिना जाड वायरच्या तुकड्याने जोड. तीच किल्ली. या कनेक्टरच्या जोडीत एका बाजूला 5.6 ओहमचा रेझिस्टर असतो, त्यामुळे पहिल्या स्पर्शाला करंट 2.3 अँपिअरच्या आतच राहतो आणि कपॅसिटर सावकाश भरतात. टेकवल्यावर क्षणभर थांब, मग पूर्ण दाब. गंमत अशी की डेकवरचे दोन्ही उघडे संपर्क प्लसच्याच वायरचे आहेत, म्हणून त्यांच्यावर पाणी पडलं तरी शॉर्ट होत नाही. खाऱ्या पाण्यात संपर्क गंजतील तेवढेच, म्हणून घरी आल्यावर गोड्या पाण्याने धुऊन वाळव.

आता चाचणी. टगचा टॉगल आधी प्लायच्या तुकड्यावर बसव, खाली घट्ट झाकणाचा डबा चिकटव, आत टिश्यूवर शाईच्या पेनाने दोन ठिपके देऊन ठेव. अर्धा तास उन्हात तापव आणि लगेच थंड पाण्यात 10 मिनिटं बुडव. नुसत्या बादलीत बुडवून हे कळत नाही. 55 अंशांवरून 25 वर आल्यावर आतली हवा 9 टक्के आक्रसते आणि सीलमधून पाणी आत ओढते. तळ्यावर नेमकं तेच होतं. ठिपका पसरला की टोपी पुन्हा बसव.

दुसरी चाचणी मीटरची. बोट टबात बांधून मोटर पूर्ण वेगात चालव आणि टॉगलच्या दोन टॅगमधले मिलिव्होल्ट बघ. 5 अँपिअरला 50 च्या आत हवेत. हा आकडा डेकच्या आतल्या बाजूला पेन्सिलने लिहून ठेव. पावसाळा संपला की पुन्हा मोज. दुप्पट झाला असेल तर टॉगल बाहेरून कितीही नवा दिसो, काढून टाक.

पहिला आकडा आला की मला कळव.

तुझा,
अनंत