बाई, तुम्ही आमची भीती बोलती केलीत

आदरणीय बाई,
सप्रेम सलाम.

हे पत्र सगळ्यांसमोर लिहिलेलं तुम्हाला आवडणार नाही, माहीत आहे. पण तुम्ही जे केलंत ते चारचौघांत केलंत, मग आभार तरी गुपचूप का मानायचे?

आपल्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, दोन तट पडले होते, त्या दिवसांत शास्त्राभ्यास, म्हणजे बायबलचा अभ्यास, तुमच्याकडे होता. नवी कुटुंबं आली होती. त्यांची बोली वेगळी, प्रार्थनेची तऱ्हा वेगळी. 'उद्या हेच लोक सगळं ताब्यात घेतील' अशी कुजबुज सुरू झाली. उपासना संपली की माणसं दोन दारांनी बाहेर पडायची. मोबाइलवर एकमेकांविरुद्धचे निरोप फिरायचे, आणि पाठवणारा प्रत्येक जण खाली 'प्रार्थनेसाठी' असं लिहायला मात्र विसरायचा नाही!

तुम्ही आता करिंथकरांस पहिल्या पत्राचा तेरावा अध्याय काढणार, अशी आम्हा सगळ्यांची खात्री होती. प्रीती सहनशील आहे, वगैरे. तुम्ही काढलंत गलतीकरांस पत्र, अध्याय दुसरा. येशूचा शिष्य पेत्र अंत्युखिया शहरात परराष्ट्रीयांच्या, म्हणजे यहुदी नसलेल्यांच्या, पंक्तीला बसत होता. यरुशलेमच्या मंडळीचा पुढारी याकोब, त्याच्याकडची काही यहुदी माणसं आली आणि पेत्र मागे सरला. "का सरला?" तुम्ही विचारलंत. कुणी म्हणालं ढोंग, कुणी म्हणालं रूढी. तुम्ही बाराव्या वचनावर बोट ठेवलंत: भीतीमुळे. परराष्ट्रीय कर्नेल्याच्या घरी जाऊन आलेला, कुणालाही अशुद्ध मानू नये असं दर्शन पाहिलेला पेत्र! त्याची शिकवण चुकली नव्हती, पण भीतीने त्याला पंक्तीतून उठवलं. आमचं भांडणही सिद्धांताचं नव्हतंच, हे मला त्या क्षणी कळलं.

मग तुम्ही जे केलंत त्यासाठी हे पत्र. प्रत्येकाने मोठ्याने प्रार्थना करायची, आणि सुरुवात एकच: 'प्रभू, मला भीती वाटते की...' 'त्यांना सुबुद्धी दे' म्हणायला बंदी. बराच वेळ कुणाचं तोंड उघडेना. शेवटी आमच्यातले एक ज्येष्ठ वडील म्हणाले, "प्रभू, माझी मुलं इथे येत नाहीत. आता ही जागाही माझी राहणार नाही, अशी भीती वाटते." पलीकडून नव्या कुटुंबातली एक बाई म्हणाली की आपल्या उच्चारांना लोक हसतील म्हणून ती गीतांच्या वेळी नुसते ओठ हलवते. तिच्या शेजारच्या बाकावर मी कितीदा बसलो होतो, पण हे कधी लक्षात आलं नव्हतं.

हनन्याची गोष्ट तुम्ही त्यानंतर सांगितलीत, आधी नाही. शौलाकडे, म्हणजे पुढे पौल झालेल्या माणसाकडे, जा म्हटल्यावर हा शिष्य प्रभूला सरळ सांगतो की या माणसाने तुझ्या लोकांचं फार वाईट केलं आहे. प्रभू त्याला त्याबद्दल रागावत नाही, पण पाठवतोच. आणि हनन्या जाऊन त्या आंधळ्या झालेल्या छळकर्त्यावर हात ठेवतो आणि त्याला 'भाऊ' म्हणतो. दारात पोहोचला तेव्हाही त्याची छाती धडधडत असणार, असं तुमचं म्हणणं. शास्त्रात तसं लिहिलेलं नाही, पण मला पटतं.

एक गोष्ट मात्र अनेकांना रुचली नाही: मंडळीच्या हिशेबाचे कागद सगळ्यांसमोर मांडायचा तुमचा आग्रह. प्रेम करायचं ठरलं, मग आता हिशेब कशाला, असा सूर निघाला. तुम्ही ठाम राहिलात. गलतीकरांच्या त्याच अध्यायात पौलाने पेत्राला तोंडावर विरोध केला होता, पाठीमागे नव्हे, हे दाखवून दिलंत. कागद टेबलावर आले आणि दोन्ही बाजूंनी वाचले. निम्म्या अफवा तिथेच संपल्या.

आणि मी वैतागून विचारलं होतं, याला किती काळ लागणार? तुम्ही लूकचा नववा अध्याय काढलात. यहुद्यांशी जुनं वैर असलेल्या शोमरोन्यांच्या गावाने येशूला ठेवून घेतलं नाही, तेव्हा आकाशातून अग्नी पाडू का, असं विचारणारे त्याचे शिष्य याकोब (हा दुसरा) आणि योहान. प्रेषितांच्या कृत्यांत आठव्या अध्यायात हाच योहान पेत्राबरोबर शोमरोन्यांसाठी प्रार्थना करायला जातो, आणि परतताना त्यांच्या गावोगावी सुवार्ता सांगतो. पूर्ण प्रीती भीती घालवून देते, हे वचन ज्या पत्रात आहे तेही परंपरेने त्याचंच मानलं जातं. अग्नी मागणाऱ्याला तिथवर यायला वेळ लागला, तर आम्हालाही लागू द्या, म्हणालात.

सगळं जुळलंय असं नाही. काही घरं अजून परतलेली नाहीत, त्यांच्यासाठी प्रार्थना करत राहा. दोन दारांची सवय मात्र मोडली आहे.

शास्त्राभ्यास आता आम्ही आळीपाळीने घेतो. पुढची पाळी माझी, इफिसकरांस पत्राचा दुसरा अध्याय, यहुदी आणि परराष्ट्रीय यांच्या मधली आडभिंत. यरुशलेमच्या मंदिरात परराष्ट्रीयांनी कुठवर यायचं ते ठरवणारा कठडा होता. तो ओलांडणाऱ्याच्या मरणाला तो स्वतःच जबाबदार, असा इशारा कोरलेला ग्रीक शिलालेख 1871 मध्ये सापडला, तो आज इस्तंबूलच्या संग्रहालयात आहे. तिथून सुरुवात करावी असं मनात आहे. तुम्ही या, आणि कुठे घसरलो तर तोंडावर सांगा.

ख्रिस्तात आपला,
मंडळीतला एक