जीपच्या पोटातली थरथर

कोल्हापूर,
१४ डिसेंबर

प्रिय बाळ्या,

तुझा निरोप वाचला. फोनवर दोन वाक्यांत उत्तर देता आलं असतं, पण ते अर्धवट राहिलं असतं, आणि अर्धवट सल्ल्यांमुळंच तुझ्या जीपचा गिअरबॉक्स उतरवायची पाळी आली आहे. म्हणून बसून सविस्तर लिहितोय. आधीच सांगतो, गिअरबॉक्सला कुणाला हात लावू देऊ नकोस, आणि अण्णांची जीप विकायचा विचार तर डोक्यातून काढूनच टाक. ताशी पन्नासच्या पुढं खालून घरघर सुरू होते, साठला आरशात काही दिसेनासं होतं, आणि सीट बुडाखाली गुणगुणते, असं तू लिहिलंस. यात गिअरबॉक्स बिघडल्याची एकही खूण नाही. उलट सगळ्यात मोलाची गोष्ट तू शेवटी जाता जाता लिहिलीस, की शाफ्टच्या सांध्यातला अधिकच्या चिन्हासारखा क्रॉस बदलून आणल्यापासून हे सुरू झालं.

थरथर म्हणजे फिरणारी एखादी वस्तू नीट फिरत नाहीये. ती कोणती, हे पाना हातात घ्यायच्या आधी ठरवता येतं. तुझ्या सीजे-३बी जीपच्या डिफरन्शियलचं, म्हणजे दोन चाकांमध्ये जोर वाटणाऱ्या डब्याचं, गुणोत्तर ५.३८ आहे. म्हणजे चाकाचा एक फेरा होतो तेवढ्यात त्या डब्याकडं जोर नेणाऱ्या प्रोपेलर शाफ्टचे पाचाहून जास्त फेरे होतात. सोळा इंची रिमवरचे तुझे ते अरुंद टायर ताशी साठला सेकंदाला साधारण साडेसात फेरे मारतात, आणि शाफ्ट मारतो चाळीस. चाक किंवा टायर बिघडला असेल तर धक्के वेगवेगळे जाणवतात, स्टिअरिंग डुलतं, बॉनेट हलताना दिसतं. शाफ्टचं तसं नसतं. सेकंदाला चाळीस धक्के अंगाला वेगळे कळतच नाहीत, त्यांची घरघर होते. आणि क्रॉसच्या कोनात गडबड असेल तर शाफ्टच्या प्रत्येक फेऱ्यात दोन धक्के बसतात, म्हणजे सेकंदाला ऐंशी. ती घरघर आणखी बारीक, कानात बसणारी. तुझी 'सीट गुणगुणते' ही तक्रार मला त्यातलीच वाटते.

आता मिस्त्री लोक इंजिन-गिअरबॉक्सच्या मागं का लागतात, तेही सांगतो. तुझ्या तीन गिअरच्या डब्यात टॉप गिअर थेट आहे, पुढच्या-मागच्या शाफ्टना जोर देणाऱ्या ट्रान्सफर केसचा हाय रेंजही थेट. म्हणजे टॉपमध्ये इंजिन आणि शाफ्ट एकाच वेगानं फिरतात. साठला शाफ्ट मिनिटाला २४०० फेरे मारतो, आणि इंजिनही तेवढेच. त्यामुळं टॉपमध्ये गाडी कितीही पळवली तरी दोष कुणाचा ते कळणार नाही. म्हणून दोघांना वेगळं करायचं. निपाणीकडं निघालास की सपाट, मोकळा पट्टा बघ. साठला पोचलास की क्लच दाबून गाडी न्यूट्रल कर, इंजिन आयडलला येऊ दे आणि गाडी नुसती वाहू दे. घरघर तशीच राहिली तर इंजिन, क्लच, माउंटिंग सगळे सुटले. नंतर गाडी उभी करून न्यूट्रलमध्येच इंजिन त्याच आवाजापर्यंत रेस करून बघ. तिथं काही थरथरलं नाही तर उरलेली शंकाही गेली. आणखी एक बघ, अॅक्सिलरेटर दाबल्यावर वाढते आणि पाय काढला की पार नाहीशी होते, असं असेल तर मला आवर्जून कळव. तेव्हा डिफरन्शियलमधल्या छोट्या गिअरच्या, म्हणजे पिनियनच्या, बेअरिंगकडं आणि कमानपाट्यांच्या यू-बोल्टकडं आधी बघावं लागेल.

जीपवाल्यांना एक सोय आहे, जी कारवाल्यांना नाही. शाफ्ट दोन आहेत, आणि एकेक काढून गाडी चालवता येते. तुझ्या पुढच्या चाकांना एक्सलपासून मोकळं करणारे फ्री-व्हीलिंग हब नाहीत, त्यामुळं टू-व्हीलमध्ये सुद्धा पुढचा शाफ्ट उगाच फिरत असतो. आधी तोच काढ आणि एक चक्कर मार. घरघर गेली तर दोषी सापडला. तशीच राहिली तर पुढचा बसवून मागचा काढ, फोर-व्हील हायमध्ये टाक आणि फक्त पुढच्या चाकांवर हळूहळू चालव. कमी रस्ता, कमी वेग, पण उत्तर पक्कं मिळतं.

मात्र इथं एक गोष्ट नीट वाच, कारण यात माणसं गाडीखाली येतात. तुझ्या जीपचा हँडब्रेक चाकांवर नाही, तो ट्रान्सफर केसच्या मागच्या तोंडावरच्या ड्रमवर आहे. तो शाफ्ट धरतो, चाकं धरत नाही. मागचा शाफ्ट सोडलास की हँडब्रेक कितीही ओढलेला असू दे, मागची चाकं मोकळी. आणि शाफ्ट जागेवर असताना सुद्धा, मागचं एकच चाक जॅकवर उचललंस तर डिफरन्शियलमुळं गाडी घरंगळू शकते. म्हणून सपाट फरशी, चाकांना दोन्हीकडून मोठे दगड किंवा ठोकळे, आणि जॅकवर विसंबायचं नाही, एक्सलच्या हाऊसिंगखाली घोड्या (स्टँड) लावायच्या. तुझ्या घरासमोरचा तो उतार या कामाला चालणार नाही.

आता मूळ मुद्द्यावर येतो. माझा संशय मागच्या शाफ्टच्या स्लिप जॉइंटवर, म्हणजे शाफ्टची लांबी कमी-जास्त होऊ देणाऱ्या दातेरी सांध्यावर, आहे. क्रॉसचा स्वभाव असा, की तो वाकडा फिरत असला म्हणजे आत येणारा वेग जसाच्या तसा पुढं देत नाही. प्रत्येक फेऱ्यात दोनदा थोडा पुढं पळतो, दोनदा थोडा मागं राहतो. दहा अंशांच्या कोनात हा फरक वर-खाली दीड टक्क्याचा, पंधरा अंशांत साडेतीनच्या घरात. पलीकडचा क्रॉस नेमकं उलटं करून हा फरक पुसून टाकतो, पण दोन अटी आहेत. दोन्हीकडचे कोन सारखे हवेत, आणि शाफ्टच्या दोन्ही टोकांच्या योकचे, म्हणजे क्रॉस धरणाऱ्या बेचक्यांचे, कान एकाच रेषेत हवेत. कान पाव फेऱ्यानं फिरले तर दुसरा क्रॉस पहिल्याची चूक पुसायच्या ऐवजी तिच्यात भर घालतो, आणि दीडाचे तीन टक्के होतात. सेकंदाला ऐंशी वेळा तो झटका डिफरन्शियलच्या दातांवर आणि ट्रान्सफर केसच्या बेअरिंगवर बसतो. पुढं जाऊन गिअरबॉक्स खरंच खराब होईल, तो यानं होईल.

हा सांधा रॉबर्ट हूकनं १६७६ साली छापील वर्णनासह मांडला होता, आणि क्लॅरेन्स स्पायसर या अमेरिकन माणसानं १९०३ साली मोटारीसाठीच्या अशा जॉइंटचं पेटंट घेतलं. त्याआधी बऱ्याच मोटारींत मागच्या चाकांना साखळीनं जोर दिला जायचा. स्पायसर नावाचे क्रॉस आजही दुकानात मिळतात. इतकी जुनी, इतकी साधी गोष्ट, आणि तरी एक दात इकडचा तिकडं झाला की चांगली गाडी भंगारात निघते. मला याचं फार वाईट वाटतं. बाळ्या, अण्णांनी ही जीप आंबोलीच्या घाटात धो धो पावसात चालवलेली आपण दोघांनी पाहिली आहे. तिला असं मोडीत काढायचं नाही.

क्रॉस बदलताना शाफ्ट वाइसमध्ये धरणं सोपं जावं म्हणून स्लिप जॉइंट ओढून वेगळा करतात. त्यावर जुळवायचे बाण कोरलेले असतात, एक नळीच्या बाजूला, एक योकवर. ते ग्रीस आणि चिखलाच्या थराखाली असतात, रॉकेलमध्ये बुडवलेल्या ब्रशनं घासल्याशिवाय दिसत नाहीत. न बघता दात बसवले की झालं. तपासायला शाफ्ट उतरवायचीही गरज नाही. खाली सरपटून जा आणि मागच्या टोकाचे कान आडवे येईपर्यंत शाफ्ट फिरव. मग पुढच्या टोकाच्या योककडं बघ. त्याचे कानही आडवेच हवेत. उभे किंवा तिरके दिसले तर दोष सापडला, पैसे शून्य लागतील.

कान बरोबर असतील तर क्रॉस स्वतः बघायचा. चारही टोप्यांच्या कडेला लालसर, गंजाची बारीक पूड दिसते का बघ. दिसली तर आत ग्रीस पोचलेलं नाही आणि टोप्यांतल्या बेअरिंगच्या सुया कोरड्या फिरताहेत. शाफ्ट काढल्यावर योक हातात धरून सगळ्या दिशांनी हलव. चांगला क्रॉस सलग, जरासा जड फिरतो. एका ठिकाणी अडकल्यासारखा होऊन पुढं सुटला, तर त्याच्या दांडीवर सुयांनी घरं पाडलेली आहेत. उघडून दांडीवरून नख फिरव, प्रत्येक सुईची रेघ नखाला लागते. डोळ्यांना कधी कधी दिसत नाही, नखाला कळतंच. नवीन क्रॉससुद्धा घाईनं बसवलेला असेल तर एखादी सुई टोपीच्या तळाशी आडवी पडलेली असते. मग टोपी पूर्ण आत जात नाही आणि तिला धरून ठेवणारी सर्क्लिप खाचेत बसत नाही. अशा वेळी हातोडीनं ठोकून सर्क्लिप बसवतात, आणि क्रॉस मध्यावरून सरकून राहतो. तेवढ्यानं शाफ्टचा तोल जातो. सुया घट्ट ग्रीसमध्ये चिकटवून, वाइसनं हळूहळू दाबतच टोपी बसवायची, दुसरा रस्ता नाही. बसल्यावर क्रॉस जड वाटला तर योकच्या कानावर बाहेरून तांब्याच्या हातोडीनं हलकं टिचकावायचं, टोपी सर्क्लिपला टेकते आणि क्रॉस मोकळा होतो.

शाफ्टची नळीही हात फिरवून तपास. दगड लागून पोचा पडला आहे का? बॅलन्ससाठी डाग दिलेला छोटा पत्रा निघून गेल्याची चकचकीत खूण दिसते का? आजऱ्याचा लाल चिखल नळीवर वाळून बसला असेल तर तो आधी धुऊन काढ, तेवढ्यानंही फरक पडतो. नळी वाकली आहे का हे उद्यमनगरात लेथवर डायल गेज लावून बघू. अर्ध्या मिलिमीटरच्या आत असेल तर ठीक, नाहीतर नळी बदलून बॅलन्स करून घेऊ. इथं हे काम वर्षानुवर्षं करणारी माणसं आहेत. नवा शाफ्ट घ्यायची गरज मला तरी वाटत नाही.

शॅकलचं विसरलोच होतो. तू मागं म्हणाला होतास की मागची बाजू उंच दिसावी म्हणून कमानपाटे चॅसीला जोडणारे शॅकल लांब टाकलेत. त्यानं हाऊसिंग फिरतं आणि पिनियनचा कोन बदलतो, मग कान जुळले तरी कोनांची अट मोडतेच. गाडी चाकांवर सपाट उभी असताना ट्रान्सफर केसच्या फ्लँजवर (शाफ्ट जोडायच्या चकतीवर) आणि पिनियनच्या फ्लँजवर मोबाइलमधलं कोन मोजायचं अॅप टेकव. दोन्ही फ्लँज एकमेकांना समांतर हव्यात, अंशभराचा फरक चालेल. जास्त असेल तर मूळ मापाचे शॅकल परत टाकणं मला सगळ्यात पटतं. उंची ठेवायचीच असेल तर पाटे आणि हाऊसिंग यांच्यामध्ये पोलादी पाचर बसवता येते, अॅल्युमिनियमची नको, ती भाराखाली दबते. पण घाटात उतरणाऱ्या जीपला उंचीपेक्षा मूळची बैठक बरी, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता असं कर. आधी खाली जाऊन कान बघ आणि मला लगेच फोन कर. शाफ्ट उतरवावा लागलाच तर फ्लँज आणि योक, नळी आणि स्लिप जॉइंट, सगळीकडं सेंटर पंचनं खुणा मारल्याशिवाय एकही बोल्ट सोडू नकोस. शाफ्ट पोत्यात गुंडाळून एसटीनं घेऊन ये, मी स्टँडवर येतो. आणि बदललेले जुने क्रॉस मिस्त्रीकडं अजून पडलेले असतील तर तेही मागून घे. त्यांच्या दांड्यांवरच्या रेघा मला बघायच्या आहेत. त्यांच्यावरून त्रास क्रॉस बदलायच्या आधीपासूनच होता का, याचा अंदाज येईल.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
दिन्या