रक्ताचा नमुना गोठ्यातून निघाल्यानंतर

मा. संपादक,
स. न. वि. वि.

एकाच गाईचे दोन ठिकाणचे रक्त-अहवाल जुळले नाहीत की दोष प्रयोगशाळेच्या माथी येतो. यंत्र चुकतच नाही असे नाही. पण बरेचदा नमुना बिघडतो तो वाटेत, आणि त्या वाटेची नोंद कुठल्याच कागदावर नसते.

ग्लुकोजचे घ्या. नळीत गेल्यावरही रक्तपेशी साखर खातच राहतात. साध्या तापमानाला ती ताशी साधारण 5 ते 7 टक्के घटते, एप्रिल-मेच्या उन्हात मोटारसायकलच्या डिकीत त्याहून जास्त. 100 मिलिलिटर रक्तात 55 मिलिग्रॅम साखर असलेली धडधाकट गाय पाच-सहा तासांनी कागदावर 40 च्या आसपास येते आणि तिच्यावर किटोसिसचे (ऊर्जेच्या तुटवड्याने होणाऱ्या आजाराचे) उपचार सुरू होतात. पेशींचे साखर खाणे रोखणारी राखाडी झाकणाची फ्लोराइडची नळी वापरली, किंवा सीरम (गुठळीपासून सुटणारा रक्ताचा पिवळसर पातळ भाग) लवकर वेगळे केले, तर हे बरेचसे टळते.

जांभळ्या झाकणाच्या नळीतले ईडीटीए हे रसायन कॅल्शियम बांधून ठेवते, म्हणून त्यात रक्त गोठत नाही. सीरमसाठीच्या लाल नळीत रक्त कमी पडले म्हणून जांभळीतले थोडे त्यात ओतणारे महाभाग आहेत! मग कॅल्शियम खोटेच घसरलेले दिसणार आणि पोटॅशियम चढलेले.

सर्वात जास्त नासाडी बर्फाने होते. ‘थंड ठेवा’ म्हटले की नळी थेट बर्फात खुपसली जाते. रक्त गोठणबिंदूखाली गेले की तांबड्या पेशी फुटतात, सीरम लालसर होते, फॉस्फरस आणि एएसटी (यकृत-स्नायूंच्या तपासणीत मोजले जाणारे विकर) वाढलेले येतात, आणि पेशींची मोजणी तर विसराच. हवे 2 ते 8 अंश सेल्सिअस. थर्मोकोलच्या डब्यात जेलपॅक ठेवावा, पण नळीला वर्तमानपत्राचे दोन-तीन पदर गुंडाळूनच. लाल नळी मात्र लगेच थंड करू नये. सावलीत तिरकी ठेवून तास-दोन तास रक्ताची नीट गुठळी होऊ द्यावी, नाहीतर सीरम पुरेसे सुटत नाही. वेगळे केलेले सीरम खुशाल उणे 20 अंशांवर ठेवावे. फक्त वारंवार वितळवून पुन्हा गोठवू नये, ब्रुसेलासारख्या (गर्भपात घडवणाऱ्या जिवाणूच्या) चाचण्यांतली प्रतिपिंडे त्याने क्षीण होतात.

गोचीड तापाची शंका असेल तर रक्ताची काचपट्टी गोठ्यातच, ताज्या रक्ताची करावी. ती हवेत वाळवून माशांपासून आणि फॉर्मेलिनच्या वाफेपासून दूर ठेवावी. फ्रीजमध्ये ठेवलेली पट्टी बाहेर काढताच तिच्यावर दव धरते, आणि त्याचे डाग नवख्या डोळ्याला परजीवीच वाटतात. सर्रा या चावऱ्या माश्यांमुळे पसरणाऱ्या रोगाचे जंतू तर ताज्या रक्तात वळवळताना पाहायचे असतात. उशिरा आलेल्या नळीत ते मेलेले असतात, म्हणून ‘आढळले नाहीत’ हा शेरा तिथे फारसा कामाचा नाही.

अनेक ठिकाणी तपासणी-अर्जावर मालकाचे नाव, जनावराचे वय आणि लक्षणे एवढेच रकाने असतात. त्यात रक्त काढल्याची वेळ, नळीचा रंग आणि नमुना कसा आणला, हे तीन वाढवावेत. सीरम लालसर आले असल्यास अहवालावर तसे स्पष्ट छापावे, म्हणजे औषध लिहिणाऱ्या डॉक्टरांना कोणत्या आकड्यावर विसंबायचे ते कळेल.

– एक पशुवैद्यकीय प्रयोगशाळा तंत्रज्ञ, सांगली