मुद्दलाला हात लावू नका

महोदय,

नॉर्वेने तेलाच्या कमाईतून उभारलेल्या सार्वभौम निधीच्या, म्हणजे सरकारी मालकीच्या गुंतवणूक निधीच्या, आकाराचे कौतुक होते. मला त्याची शिस्त अधिक मोलाची वाटते. तेथील सरकारने दरवर्षी निधीच्या साधारण ३ टक्केच खर्चाची मर्यादा घालून घेतली आहे. २००४पासून गुंतवणूक नैतिकतेच्या निकषांवर तपासणारी स्वतंत्र नीतिमत्ता परिषद आहे, गुंतवणुकीतून तंबाखू कंपन्या वगळल्या आहेत आणि कोणती कंपनी का वगळली, हे जाहीर होते. याउलट मलेशियात '१एमडीबी' या सरकारी गुंतवणूक निधीवर तत्कालीन पंतप्रधान नजीब रझाक यांचाच वरचष्मा होता. अब्जावधी डॉलर लंपास झाले, नजीब पुढे तुरुंगात गेले. पण निधीचे कर्ज जनतेच्याच माथी बसले.

हे आपल्यापासून दूर नाही. गोव्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१४मध्ये लोहखनिजाच्या विक्रीतील १० टक्के रक्कम कायमस्वरूपी निधीत टाकण्याचा आदेश दिला, कारण खनिज एकदाच निघते. पुण्यात जमिनीचेही तेच आहे. २०२१मध्ये महापालिकेच्या ॲमेनिटी स्पेस दीर्घ भाडेपट्ट्याने देण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा उत्पन्नवाढीचे कारण पुढे केले गेले. बाग, शाळा, दवाखान्यासाठी राखलेली जागा मोडून चालू वर्षाचा खर्च भागवणे म्हणजे पुढच्या पिढीच्या ताटातले काढून घेणे! मुळात या जागा देऊच नयेत. इतर मिळकतींतून येणारी मोठी रक्कम तरी वेगळ्या निधीत ठेवावी, फक्त व्याज खर्चावे आणि गुंतवणुकीचा तपशील दर तिमाहीला संकेतस्थळावर टाकावा. आयुक्तांनी येत्या अंदाजपत्रकातच ही तरतूद करावी.

– एक वाचक, कोथरूड, पुणे