एकच कायनेज, मेंदूत आणि हृदयात

कोल्हापूर,
रविवार, रात्री

प्रिय सुधीर,

"चार वर्षं एकाच एन्झाइमवर? मेंदूत कसं नि हृदयात कसं, एवढंच बघायला?" असं तू परवा फोनवर विचारलंस. तू बाबांना घेऊन दवाखान्यात बसला होतास, मला नीट सांगता आलं नाही. आज लिहितो.

ते एन्झाइम म्हणजे कॅमकायनेज-टू. कायनेज म्हणजे प्रथिनांवर फॉस्फेट चिकटवणारं एन्झाइम. पेशीत कॅल्शियम वाढलं की कॅल्मोड्युलिन नावाचं प्रथिन ते पकडतं आणि या कायनेजला जागं करतं. त्याचे बारा घटक सहा-सहाच्या दोन कड्यांत बसलेले असतात, पंचमीला बायका फेर धरतात तसे. जागा झालेला घटक शेजारच्याच्या 286व्या जागेवरच्या थ्रिओनिन या अमिनो आम्लावर फॉस्फेट चिकटवतो. मग कॅल्शियम ओसरलं तरी तो शेजारी काम सोडत नाही. गाणं थांबावं आणि फेर चालूच राहावा! हे पहिल्यांदा वाचलं त्या रात्री मला झोप आली नाही.

आपल्यासारख्या सस्तन प्राण्यांत याची चार जनुकं आहेत: अल्फा, बीटा, गॅमा, डेल्टा. फळमाशीत एकच. अल्फा-बीटा मुख्यतः मेंदूतले, हृदयात डेल्टाचं राज्य. उंदराच्या मोठ्या मेंदूत तीन अल्फामागं एक बीटा, लहान मेंदूत चार बीटामागं एक अल्फा. प्रत्यक्ष काम करणारा भाग चौघांत जवळजवळ सारखाच. फरक मधल्या जोडपट्टीत, आणि कुठं कोण किती यात.

आम्ही बकऱ्याचे नमुने घेतो. ब्लॉट नावाच्या चाचणीत अँटीबॉडी कायनेजला चिकटते आणि त्याची पट्टी दिसते. पहिल्या महिन्यात भेज्याची पट्टी इतकी फिकी यायची की मी अँटीबॉडीच बदलली. चूक वेगळीच होती. मी भेजा दुपारी आणत होतो. रक्त थांबलं की काही मिनिटांतच पेशीत कॅल्शियम घुसतं आणि हे कायनेज गोळा होऊन न विरघळणाऱ्या भागात जाऊन बसतं. आम्ही वरचं पाणी ठेवून खालचा साका फेकत होतो. साका तपासला, तर ठसठशीत पट्टी तिथं! आता पहाटे पाचला बर्फाची पेटी घेऊन खाटीकमामांच्या दारात उभा असतो. ते आधी भेजा काढून देतात, मग हृदय.

आता बाबांचं. अ‍ॅड्रिनलिनचा मारा सतत राहिला की हृदयातला डेल्टा पेटलेलाच राहतो, पेशीतल्या साठ्यातून कॅल्शियम गळायला लागतं, ठोके बिघडतात. बाबांची बीटा-ब्लॉकर गोळी (हा बीटा वेगळा, कायनेजचा नव्हे) तो माराच कमी करते. 2009 साली डेल्टाचं जनुक काढलेल्या उंदरांच्या हृदयावर दाब वाढवून बघितला, तर त्यांचं हृदय इतरांइतकं खचलं नाही. मग सरळ कायनेजच बंद करणारं औषध का देत नाहीत? कारण 1992 साली सिल्व्हा आणि टोनेगावा या शास्त्रज्ञांनी अल्फा काढलेले उंदीर तपासले, तर आठवणीच्या चाचणीत त्यांना पाण्याखालचा चौथरा शोधायला शिकणं जड गेलं. हृदय वाचवताना माणसाची आठवण जायला नको. डेल्टाला गाठायचं आणि अल्फाला धक्का लावायचा नाही, तर दोघांतला बारीकसारीक फरक माहीत हवा. माझी चार वर्षं त्यात चाललीत, आणि मला ती कमी वाटतात.

बाबांचा इको झाला की रात्री कितीही वाजता फोन कर. उद्या लहान मेंदूचा ब्लॉट आहे, जागाच असेन.

तुझा,
अभय