‘दशावतार’बद्दल, आणि बाकीच्या बघितलेल्याबद्दल

टिळकवाडी, बेळगाव

तीर्थरूप बाबा आणि तीर्थरूप आईस,
शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर बोलायचं म्हटलं की बाबा “आवाज येईना, आवाज येईना” म्हणत फोन आईच्या हातात देतात. आई “जेवलीस काय? पोरं बरी आहेत न्हवं?” एवढं विचारून ठेवून टाकते. त्यात बाबांनी मागच्या वेळी ओरडून विचारलं, “त्यो ‘दशावतार’ खरोखर चांगला हाय, का पेपरवाले उगीच हवा करतात?” आता याचं उत्तर काय फोनवर द्यायचं? दादा रविवारी नंदगडला येतोय, त्याच्याजवळ हे पत्र देते. बाबा, चष्मा लावून सावकाश वाचा. आई, तुझं पुढं आहे.

तर सिनेमा चांगला आहे. सगळा नव्हे, पण जेवढा चांगला आहे तेवढा फार चांगला आहे. मुख्य म्हणजे दिलीप प्रभावळकर. त्यांचा जन्म १९४४ चा, म्हणजे सिनेमा लागला तेव्हा वय ८१. बाबुली मेस्त्री नावाचा कोकणातला म्हातारा दशावतारी. डोळे अधू होत चाललेत, मुलगा माधव म्हणतो आता पुरे, आणि हा म्हणतो महाशिवरात्रीला शेवटचा खेळ करतो, मग सोडतो. बाप आणि लेक एकमेकांची काळजी करतात आणि त्यावरूनच भांडतात, तो भाग मी तोंडाला पदर लावून बघितला. (बाबा, विषय निघालाच आहे म्हणून सांगते. मोतीबिंदूचं ऑपरेशन होईपर्यंत स्कूटर बाहेर काढायची नाही. खानापूरला जायचं तर बसनं जा. दादा सांगतो ते मला पटतं. तुम्ही बाबुलीची बाजू घेणार हे माहीत आहे.)

मला सिनेमा बघताना सारखे तुम्ही आठवत होता. जत्रेच्या नाटकाच्या रात्री शाळेच्या वर्गात तुम्ही रंगायला बसायचा आणि मला आरसा धरायला लावायचा. सफेद्यात खोबरेल कालवून तळहातावर घोटायचा, मग गालावरून मानेपर्यंत ओढायचा, कानाची पाळी विसरायची नाही म्हणून मला बजावायचा, “पाळी राहिली काय बघ गं.” भुवया काढून झाल्या की तुम्ही माझ्याशी बोलणं बंद करायचा. मी काही विचारलं तर दुर्योधन उत्तर द्यायचा. प्रभावळकरांनी ते बरोबर पकडलंय. रंग चढला की बाबुलीची पाठ ताठ होते, आवाज खाली जातो आणि घरात ठेचकाळणारा माणूस मांडावर चुकत नाही. तुमच्या नाटकाला वही असायची, प्रॉम्प्टर असायचा. दशावतारात लिहिलेलं काही नाही. आख्यान ठरतं आणि संवाद नट जागेवर रचतात. अशा नटाचा आंधळेपणा घरच्यांच्या लवकर लक्षात येत नाही, कारण त्याला वाचायचं काही नसतंच.

उत्तरार्धाबद्दल मात्र माझी तक्रार आहे. मुलगा जातो, त्यामागं खाणवाले आहेत, आणि म्हातारा एकेक अवतार घेऊन एकेकाला गाठतो. दहा अवतार, समोर दुष्टांची रांग! एकदा हे कळलं की आपण बसल्या जागी हिशेब करत राहतो, आता किती राहिले. आमच्या मागच्या रांगेतला एक पोरगा तर मोठ्यानं मोजतच होता. विषय खोटा नाही. रान कुणाचं, त्यातलं पाणी कुणाचं, हे आपल्या तालुक्याला नवं नाही. कणकुंबीच्या कळसा नाल्याचं पाणी वळवण्यावरून गोव्याशी चाललेलं भांडण मी शाळेत असल्यापासून ऐकतेय. पण खाणीचा प्रश्न दोन-चार वाईट माणसं मेली की सुटतो असं वाटायला लावणं मला सोपं वाटलं. दिग्दर्शक सुबोध खानोलकरांनी पहिल्या भागात जेवढा धीर धरलाय, तेवढा पुढं धरलेला नाही.

आता तुमचा दुसरा प्रश्न, हा ‘कांतारा’वरनं उचललाय काय. इथं सगळे तेच विचारतात. कांतारा आपण घरीच बघितला होता, २०२२ सालचा, रिषभ शेट्टीचा, ज्याच्यासाठी त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तो. खालच्या मजल्यावरच्या अक्काही होत्या बघायला, आठवतंय? त्या गोकाककडच्या. कुंदापूरकडचं कन्नड त्यांना निम्मं कळेना. रिषभ शेट्टी काहीतरी फडाफडा बोलला की त्या माझ्याकडं वळायच्या, “एन अंदा अंवा?” म्हणजे काय म्हणाला तो, आणि मराठी पोरगी खाली आलेली इंग्रजी अक्षरं वाचून कन्नड बाईला कन्नड समजावून सांगत होती. बाबा, तुम्ही खुर्चीत हसत होता तेव्हा.

दोन्हीत रान आहे, जमीन बळकावणारे आहेत, अंगावर रंग चढवणारा माणूस आहे. एवढ्यावरनं लोक म्हणतात एकच गोष्ट. मला तसं वाटत नाही. कांतारात दाखवलाय तो भूतकोल म्हणजे तिकडची दैवाची पूजा, त्यात दैव अंगात येतं. पंजुर्ली असो, गुळिगा असो, तो माणूस त्या वेळी माणूस नसतोच, सगळं गाव त्याच्यापुढं हात जोडतं, न्यायनिवाडा त्याच्याकडून घेतं. दशावतारात नट सोंग घेतो. पहाट झाली की रंग पुसून चहा पितो, पेटारा बांधतो आणि पुढच्या गावच्या जत्रेला निघतो. रात्री देव आणि सकाळी उधारीवाला दारात, ही त्याची गंमत आहे आणि हाल पण. सिनेमाचा पहिला भाग हे ओळखून आहे, म्हणून तो सरस. दुसऱ्या भागात बाबुलीच्या अंगात देव आल्यासारखं दाखवायला गेले आणि तिथं खरंच कांताराची आठवण यायला लागते. उचलेगिरी म्हणणार नाही मी. आपली वाट चांगली चालली असताना शेजाऱ्याच्या वाटेकडं बघितलं, एवढंच.

त्यानंतर दसऱ्याला ‘कांतारा’चा नवीन भाग लागला, ‘चॅप्टर वन’, तोही बघून आलो. कदंबांच्या काळातली गोष्ट, राजवाडा, रथ, लढाया. पोरं खूश. मी अर्ध्यात थकले. पहिल्यात कंबळाच्या शर्यतीत रेडे चिखल उडवत यायचे तेव्हा आपण पाय वर घ्यायचो. यात सगळं मोठं आहे आणि पाय कुठंच वर घ्यावा लागत नाही. रुक्मिणी वसंत मात्र बघण्यासारखी आहे, राजकन्येचा रुबाब आणि आतलं पाणी दोन्ही दाखवते.

आणि बाबा, कन्नडवाल्यांकडून घेतलं म्हणून नाक मुरडणाऱ्यांना तुम्हीच सांगत असायचा ती गोष्ट मी परवा ऑफिसात सांगितली. कर्नाटकातल्या भागवत मंडळींचे खेळ सांगलीच्या राजेसाहेबांनी बघितले, तसलं काहीतरी आपल्याकडं करा म्हणाले, म्हणून विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली ‘सीता स्वयंवर’ केलं. आणि अण्णासाहेब किर्लोस्कर तर आपल्याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. टेबलावरचे सगळे गप्प. मग एकजण म्हणाला, “मॅडम, ‘दशावतार’चं तिकीट मिळेल काय?”

आता आईचं.

आई, तू गणपतीला इथं येऊन गेल्यापासून अक्कांना रोज फोन करतेस हे मला कळलंय. ‘लक्ष्मी निवास’ ही मालिका कन्नडमध्ये २०२४ च्या जानेवारीत सुरू झाली, मराठीत त्याच वर्षाच्या डिसेंबरात. म्हणजे अक्का तुझ्या वर्षभर पुढं. तू मराठीत विचारतेस, “जान्हवीचं पुढं काय होतंय हो?” आणि त्या कन्नडमध्ये सांगतात, आणि तुम्हा दोघींना सगळं समजतं. नंदगडात तुझी गल्लीत केवढी वट झाली असेल! शेजारणी म्हणत असतील, काकूंना आधीच कसं कळतंय.

मला त्या मालिकेत एक गोष्ट आवडते. लक्ष्मी, श्रीनिवास, जान्हवी, जयंत, नावंसुद्धा बदलली नाहीत आणि तरी काही अडत नाही. निवृत्तीला आलेला बाप, स्वतःचं घर बांधायचं राहिलेलं, मुलींची लग्नं, पैशांवरून तोंड फिरवणारी मुलं. हे हासनमध्ये घडवा नाहीतर साताऱ्यात, साडी नेसायची पद्धत आणि ताटातली भाजी बदलली की झालं. हर्षदा खानविलकर आणि तुषार दळवी नवरा-बायको वाटतात, नट वाटत नाहीत. ते दोघं ओट्याशी उभे राहून पैशांचं बोलतात तेव्हा तुम्ही दोघं आठवता. पण तासभर चालवायची म्हणून जे पाणी घालतात! तो जयंत बायकोवर पाळत ठेवतो, तिला कोंडून घालतो, आणि त्यावर इतकं संगीत की आपल्याला भीती वाटण्याऐवजी डोकं दुखतं. असली माणसं खरी असतात, त्यांच्या घरात ढोल वाजत नसतात. तू म्हणतेस, “असू दे गं, लक्ष्मी बरी आहे न्हवं.” तुझं बरोबर असेल. ‘आई कुठे काय करते’सुद्धा तू शेवटपर्यंत सोडली नाहीस, आणि ती तर बंगालीतून आली होती.

पण सगळ्याच गोष्टी अशा उचलून दुसरीकडं ठेवता येत नाहीत. ‘सैराट’चं कन्नड केलं होतं ना, ‘मनसु मल्लिगे’, २०१७ साली. रिंकू राजगुरू तीच, अजय-अतुलच्या चाली त्याच, गोष्ट तीच. टीव्हीवर लागला तेव्हा अक्का आणि मी बसलो बघायला. अर्ध्या तासानं अक्कांनीच सांगितलं, मराठीच लावा. करमाळ्याकडची ती आर्ची बुलेटवरून जे बोलते ते त्या मातीतलं आहे. नागराज मंजुळेंनी जात, विहीर, ऊस, पाटलाचा वाडा सगळं एका गावातून उचललं होतं, ते गाव काढल्यावर नुसती पळून गेलेली पोरगी उरली. ‘दशावतार’ही मला त्याच जातीचा वाटतो. त्याचं उद्या कन्नड करायचं कुणाच्या मनात आलं तर करू नका म्हणून सांगेन, मालवणी कळत नसली तरी मालवणीतच बघा. आपल्याला तर ती निम्मी कळतेच, चोर्ल्याच्या पलीकडची माणसं आपल्या बाजाराला येतात त्यामुळं.

‘छावा’ तुम्ही दादाबरोबर बघितलात, त्याबद्दल तुमचं काय मत ते मला कळवलंच नाहीत. शिवाजी सावंत आजऱ्याचे, कादंबरी तुम्ही किती वेळा वाचलीय ते घरातल्या त्या सुट्या झालेल्या पानांवरनं कळतं. मला विकी कौशलपेक्षा अक्षय खन्नाचा औरंगजेब लक्षात राहिला. तो ओरडत नाही म्हणून असेल. संभाजीराजे आणि कवी कलश साखळदंडात एकमेकांना कविता ऐकवतात तो प्रसंग मोठा आहे, तिथं थिएटरात टाचणी पडली असती तर ऐकू आली असती. पण छळाचा भाग इतका लांबवायचा का? पोरगा माझ्या मांडीत तोंड घालून बसला. शौर्य दाखवायला रक्त किती दाखवायचं याचा अंदाज हल्ली कुणालाच राहिलेला नाही. तुम्हाला हे पटणार नाही, ठाऊक आहे.

‘पंचायत’ या हिंदी वेबमालिकेचा चौथा सीझन बघू नका. दुधी आणि कुकर, या दोन चिन्हांवर सगळी निवडणूक, आणि निवडणूक म्हटलं की बाबांचा रक्तदाब. पहिले दोन सीझन परत बघा हवे तर, नीना गुप्ता आणि रघुवीर यादव त्यात अजून भांडत नाहीत, नुसते कुरकुरतात.

आता कामाचं. ‘दशावतार’ आता मोबाइलवरही आलाय, पण मोबाइलवर बघायचा नाही. पुढच्या शनिवारी डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ घेतलीय, सकाळी अकरा वाजता. दोघंही या, दुपारी इथंच टीव्हीवर लावून देते. खाली इंग्रजी अक्षरं येतात, मराठी येत नाहीत. तेवढं मी मोठ्यानं वाचून सांगेन. विधिमंडळाचं अधिवेशन इथं सुरू झालं की शहरात गाड्या कुठं अडवतील सांगता येत नाही, म्हणून लवकर निघा. उत्तरार्धाबद्दल माझ्याशी भांडायचं असेल तर बघून झाल्यावर भांडा, आधी नको.

आई, येताना नाचणीचं पीठ आण, अक्कांनी मागितलंय. आणि त्यांच्याकडून पुढचं ऐकलंस तरी मला सांगू नकोस, मी मराठीच बघतेय.

तुमची,
शुभा