ओजस सुट्टीला येण्याआधी

ती. बाबा आणि ती. सौ. आई यांस,
सा. न. वि. वि.

ओजस महिनाभर तुमच्याकडे राहणार, म्हणून त्याच्या अडखळण्याबद्दल नीट लिहिते. आईचं म्हणणं, “अण्णांवर गेलाय.” बाबांचं म्हणणं, शेजारच्या मुलाची नक्कल करून सवय लागली.

आई, तुझं बरंचसं बरोबर आहे. अडखळणं घराण्यात उतरतं. दोघंही अडखळतात असं एकसारख्या जुळ्यांत वेगळ्या दिसणाऱ्या जुळ्यांपेक्षा बरंच जास्त आढळतं. २०१० साली अमेरिकेतल्या डेनिस ड्रेना यांच्या गटाला तीन जनुकांतले बदल सापडले, तेही पेशीतला कचरा निस्तरणाऱ्या यंत्रणेतले. अर्थात सगळ्यांचं अडखळणं त्यातून उलगडत नाही. नकलेने मात्र हे लागत नाही, बाबा. शंभरातली पाचेक मुलं दोन ते पाच वर्षांच्या दरम्यान अडखळू लागतात आणि त्यांतली तीन चतुर्थांश तरी पुढे मोकळी बोलतात. मोठ्यांत प्रमाण एक टक्क्याच्या आसपास उरतं. मुलगे मुलींपेक्षा कमी सुटतात, आणि घरात कुणाचं मोठेपणीही टिकलं असेल तर आणखी कमी. म्हणून वाट न बघता थेरपी सुरू केली.

मग घरच्या वागण्याचा काही संबंधच नाही का? १९३९ साली अमेरिकेत आयोवामधल्या एका अनाथाश्रमात आयोवा विद्यापीठातल्या वेंडेल जॉन्सन यांच्या देखरेखीखाली एक प्रयोग झाला. नीट बोलणाऱ्या काही मुलांना मुद्दाम सांगत राहिले, की तुम्ही अडखळता, सांभाळून बोला. मुलं खरोखरीची तोतरी झाली नाहीत. पण बुजली, बोलायचं टाळू लागली. २००१ मध्ये त्या विद्यापीठाने याबद्दल माफी मागितली. म्हणजे शब्द अडकणं मूल बरोबर घेऊन येतं, आणि गप्प बसणं आपल्याकडून शिकतं. आपल्या हातात आहे ते हे दुसरं.

तो “प-प-प-पाणी” म्हणत असेल तर थांबा. नेहमीसारखं त्याच्याकडे बघा, शब्द पुरा करून देऊ नका. “सावकाश बोल”, “श्वास घे”, “परत म्हण” हे तिन्ही नकोत. आपलं बोलणं चुकतंय, एवढंच त्याला त्यातून कळतं. पाणी मागितलं तर पाणी द्या. त्याला सांगण्यापेक्षा आपणच जरा संथ बोलावं आणि उत्तराआधी क्षणभर थांबावं. बाबा, हे तुमच्यासाठी! “काय खाल्लंस, कोण आलं होतं, मजा आली का” अशी सरबत्ती न करता एका वेळी एकच प्रश्न. जेवताना इतर मुलं मध्ये तोंड घालतात तेव्हा “आता ओजसची पाळी” म्हणून त्याचं पूर्ण होऊ द्या. आणि रोज दहा मिनिटं कुणीतरी एकाने फक्त त्याच्याबरोबर बसावं, मटार सोलत का होईना.

“शुभं करोति” तो तुमच्याबरोबर एकदाही न अडखळता म्हणेल. गाताना आणि सर्वांबरोबर म्हणताना अडखळणं बहुतेक नाहीसं होतं. त्यावरून “बघ, मनावर घेतलं की येतं” म्हणू नका. ते मनावर घेण्याचं काम नाही. पाहुण्यांसमोर उभं करून श्लोक म्हणायला लावू नका. तो स्वतः “मला बोलता येत नाही” म्हणाला तर विषय बदलू नका. “तो शब्द जरा अडकला, होतं असं. मग पुढे काय झालं?” एवढं पुरे.

चार दिवस मोकळा बोलेल, मग एकदम वाढेल. हे असंच चालतं, त्यात तुमचं काही चुकलेलं नसतं. थेरपिस्टने दिलेला पंधरा मिनिटांचा सराव मी संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर घेईन. “छान बोललास” हे कौतुकही त्या सरावापुरतंच राहू दे. इंग्रजी शाळेमुळे मराठी बंद करा, असं कुणी सुचवलं तर ऐकू नका, भरपूर मराठी बोला. जिभेला वेखंड नको, पोटात जाऊन उलट्या होऊ शकतात. तोंडात खडे ठेवून बोलायला लावणंही नको, घशात अडकतील.

तोंड उघडं पण आवाज फुटत नाही, डोळे मिटतात, मान झटकते असं दिसू लागलं, किंवा तो बोलायचंच टाळू लागला, तर त्याच दिवशी मला कळवा. पुढची तपासणी जूनमध्ये आहे, ती मी अलीकडे घेईन.

तुमची,
मनू